थोरल्याचं साल

हेसेलला आडनाव नव्हतं. आल्डेवीरमध्ये कुणालाच नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. त्याच्या बापाचं नाव वीबे, म्हणून तो हेसेल वीबेस. पोराला आजोबांचं नाव ठेवायचं ही आमच्या फ्रीसलँडची रीत, म्हणून त्याचा पोरगा वीबे, आणि बाप हेसेल म्हणून तो वीबे हेसेल्स. त्याला पोरगा झाला तर तो परत हेसेल. एक आड एक, एक आड एक, अशी ही दोन नावं त्या घरात कधीपासून चालत आली होती ते पाद्रीबाबांनाही सांगता आलं नसतं. तळ्याकाठी त्यांचं घर, दाराशी होडी, पाण्यात वामी धरायचे विणलेले पिंजरे. कुणी नवखा माणूस धक्क्यावर उतरला आणि हेसेलला म्हणाला, ‘तू कोण रे?’, तर हेसेल म्हणायचा, ‘वीबेचा.’ एवढ्यात सगळं आलं.

तर त्याचा पहिला पोरगा वीबे, सतराशे एकोणनव्वद साली झाला. मग दोन वर्षांनी मुलगी, रिक्स्ट. आणि रिक्स्ट पाळण्यात असतानाच पोराचा घसा सुजला, आणि चौथ्या दिवशी गेला बिचारा. तीन वर्षांचं वय. हेसेलने होडीच्या फळ्यांची पेटी केली आणि देवळामागे, कुंपणाशी त्याला ठेवलं. दगड कुठला? दगड मोठ्या शेतकऱ्यांचे. त्र्याण्णव साली दुसरा मुलगा झाला, आणि त्याचं नावही वीबेच ठेवलं. ठेवावंच लागतं. आजोबांचं नाव असं मातीत पडू देत नाहीत, पाठच्या लेकराच्या अंगावर ते परत उभं करतात. आमच्या गावात दर दुसऱ्या घरात असं एक नाव दोनदा लावलेलं सापडेल. घरात हेसेलची बायको येल्ट्ये एकाला ‘थोरला’ म्हणायची आणि एकाला ‘धाकटा’, आणि ज्याला माहीत नाही त्याला वाटावं की बाईचे दोन्ही पोरगे तळ्यावर गेलेत.

धाकटा वीबे मात्र वाढला तो असा की बघत राहावं! अठराव्या वर्षी बापापेक्षा वीतभर उंच. हिवाळ्यात तळं गोठलं की स्केट बांधून जो सुटायचा तो पलीकडच्या गावाचं घंटाघर शिवून जेवणाआधी परत. स्वभावाने मात्र गोगलगाय. बापाने हाक मारली की हातातलं टाकून यायचा. येल्ट्ये चिडवायची, ‘अरे, तुझ्या बापाने नुसतं खाकरलं तरी तू उठून उभा राहतोस. उद्या बायको आली की तिचं कसं व्हायचं?’ तो आपला हसायचा आणि आणखी एक वाडगा पेज मागायचा.

मग फ्रेंच आले. म्हणजे होतेच ते आधीपासून, पण आता म्हणे आम्हीच फ्रेंच झालो. बादशहाला सैन्य पाहिजे होतं. अठराशे अकरा सालच्या वसंतात देवळाच्या दारावर यादी लागली: एकोणनव्वद साली जन्मलेल्या सगळ्या पोरांनी शहरात हजर राहायचं, चिठ्ठी उचलायची, लहान आकडा निघाला की बंदूक खांद्यावर. यादी केली होती बाप्तिस्म्याच्या वहीवरून. आणि तिच्यात खालून चौथं नाव, वीबे हेसेल्स.

गोस्से नावाचा एक होडीवाला होता गावात, हेसेलचा लंगोटीयार. त्याला वाचता यायचं, आणि म्हणून त्याला वाटायचं की आपल्याला सगळंच कळतं. त्याने यादी मोठ्याने वाचली आणि लागला हसायला. ‘हेसेल, तुझ्या थोरल्याला बादशहाने बोलावलंय रे! जा म्हणावं देवळामागे, कुंपणाशी बघा, एकोणीस वर्षं झोपलाय, उठतो का विचारा!’ लोक हसले. हेसेलला हसू आलं नाही, पण तोही घरी निघून आला. मेलेल्या लेकराने हजेरी द्यायची असते हे कुणाच्या डोक्यात येणार? कुणी शहरात गेलं नाही, कुणी काही कळवलं नाही. आमच्याकडे जन्म तेवढे वहीत लिहायचे. मरण कशाला लिहायचं, ते सगळ्यांना पाठ असतं.

शहरात त्या दिवशी काय झालं ते फार उशिरा कळलं. वीबे हेसेल्स, वीबे हेसेल्स, वीबे हेसेल्स, असा तीनदा पुकारा झाला. कुणी ओ दिली नाही. मग कायद्याप्रमाणे मेयरनेच त्याच्या वतीने मडक्यात हात घातला. चिठ्ठी निघाली सतरा. सतरा म्हणजे जायलाच पाहिजे. तीन वर्षांच्या पोराच्या नावापुढे लिहिलं गेलं: फरार.

त्याच वर्षाच्या शेवटी दुसरं फर्मान आलं. प्रत्येक घरच्या कर्त्याने कचेरीत यायचं, एक आडनाव कायमचं लावून घ्यायचं, आणि घरात मुलं किती, वयं काय, तेही लिहून द्यायचं. आडनावाची गावाला गंमत वाटली. कोपऱ्यावर राहणारा हूक्स्ट्रा झाला, मासे धरणारा विसर झाला. पण मुलांची वयं कशाला पाहिजेत? ते काय कुणाला कळत नव्हतं! धाकटा त्र्याण्णवचा. आज ना उद्या त्याच्या सालाची यादी दारावर लागणारच होती. वामी पिंजऱ्यात मरून पडायच्या आणि हेसेल होडीत बसून राहायचा.

अशात एके सकाळी गोस्से धक्क्यावर आला. ‘अरे, तुझं नशीब केवढं मोठं आणि तू तोंड पाडून बसलास! एकोणनव्वदचं साल उरकलंय. ज्यांना न्यायचं होतं त्यांना नेलं. आता त्या सालाला कोण विचारतो? तुझ्याकडे एक वीबे एकोणनव्वदचा आहे ना वहीत? मग सांग की वीबे बावीस वर्षांचा. पाद्रीबाबाची वही साक्षीला आहे. पोरगा उंच आहे, शोभून जाईल.’

हेसेलने दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. येल्ट्येच्या हातातला पाव हातातच राहिला.

‘थोरल्याचं साल धाकट्याला लावता?’

‘त्याला आता त्याचा काय उपयोग, येल्ट्ये?’

‘उपयोग? तीन वर्षं मिळाली माझ्या लेकराला. दगड नाही, काही नाही. त्याच्याकडे आहे काय दुसरं? एक नाव होतं ते आपण काढून घेतलं, पाठच्याला दिलं. रीतच आहे, मी काही बोलले नाही. आता सालही काढून घेता?’

‘अगं, धाकटा वाचेल.’

‘मेलेल्याचं साल जित्याच्या अंगावर घालू नका हो. मला ते बरं दिसत नाही.’

‘तुला काय कळतंय त्यातलं!’ हेसेल ओरडला. तो असा कधी ओरडायचा नाही. येल्ट्ये गप्प झाली, आणि त्या गप्प होण्याचा तिला पुढे जन्मभर पश्चात्ताप झाला.

जानेवारीत तो कचेरीत गेला. टोपी हातात, पायात लाकडी जोडे, जमिनीवर टकटक वाजताहेत आणि हा त्या आवाजानेच घाबरलेला. कारकून आमच्यातलाच होता, पण मेजामागे बसला की माणूस बदलतो.

‘नाव?’

‘हेसेल वीबेस.’

‘ते बापाचं झालं. आडनाव काय घेणार?’

‘तेच द्या साहेब. वीबेस.’

‘बापाचंच नाव? सगळे नवीन घेताहेत.’

‘बापाचं आहे आणि पोराचंही आहे. दोघं त्यात मावतात. मला दुसरं कशाला?’

कारकुनाने लिहिलं. ‘मुलं?’

‘रिक्स्ट, वीस. आणि वीबे.’ हेसेलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. ‘बावीस.’

कारकुनाने मान वर केली. ‘मग मुलगा थोरला. मुलगी आधी का सांगितलीस?’

‘चुकलं साहेब. मुलगाच थोरला. मुलगाच.’

कारकुनाने क्षणभर बघितलं, खांदे उडवले आणि वही पुढे सरकवली. हेसेलने सहीच्या जागी फुली मारली. बाहेर आला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने गोस्सेला दारू पाजली. दोघांनी पोराच्या नावाने पेले उचलले. कुठल्या पोराच्या, ते त्यांनाच माहीत.

पुढे तीन आठवड्यांनी कडाक्याची थंडी पडली. तळं या काठापासून त्या काठापर्यंत घट्ट. धाकटा वीबे दूर, मधोमध, बर्फाला भोक पाडून भाल्याने वामी टिपत होता. काठावर हेसेल आणि रिक्स्ट पिंजऱ्यांची वीण दुरुस्त करत बसले होते. तेवढ्यात बांधावरून दोन शिपाई आले, जड बूट, खांद्यावर बंदुका, बरोबर शहरातला दुभाषा.

‘वीबे हेसेल्स कुठे आहे?’

‘का हो?’ हेसेल उठला.

दुभाष्याने कागद उघडला. ‘जन्म एकोणनव्वद. आकडा सतरा. पळून गेलेला. त्याच्याच बापाने गेल्या महिन्यात लिहून दिलंय की पोरगा घरीच आहे, वय बावीस. चांगला बाप आहे, आमचे पाय वाचवले.’

हेसेल आधी पांढरा पडला. आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्याला हायसंच वाटलं! म्हणजे यांना थोरला पाहिजे! थोरला तर मेला. मग आता भ्यायचं काय? पोरगा समोर उभा केला, ओठावर धड मिसरूडही नाही हे दाखवलं, खरं काय ते सांगितलं, की मिटलं. साध्या माणसाला वाटतं की खरं सांगितलं की मिटतं.

तो काठावर गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

‘बाबा, हाक मारू नका,’ रिक्स्ट पुटपुटली. ‘बाबा, त्याच्या पायात स्केट आहेत. यांना तो सात जन्मात सापडायचा नाही. नका ना मारू हाक.’

‘अगं, चूक झालीये लिहिण्यात. मी सांगतो त्यांना समजावून.’ आणि त्याने हाक मारली. ‘वीबे! वीबे हेसेल्स! ये रे इकडे!’

लांब तो ताठ उभा राहिला. त्याला बंदुका दिसल्या असणारच, बर्फावर सगळं लख्ख दिसतं. पलीकडचा काठ मोकळा होता. घडीभर तो तसाच उभा राहिला, आणि मग भाला टाकून सरळ बापाकडे आला. हसतच आला. काठावर बसून त्याने स्केट सोडले, बापाच्या हातात दिले.

‘काय झालं बाबा? ओले ठेवू नका हं, पातं गंजेल.’

शिपायाने त्याचा दंड धरला.

शहरातल्या अधिकाऱ्यापुढे हेसेल दोन दिवस उभा होता. थोरला मेला साहेब, ब्याण्णव साली. हा त्र्याण्णवचा आहे, अठराचा. पाद्रीबाबांनी चिठ्ठी दिली होती की दोन्ही बाप्तिस्मे झालेत. पण मेल्याचा कागद? नव्हता. खड्डा खणणारा म्हातारा कधीच त्याच कुंपणाशी जाऊन पडला होता. गोस्सेसकट सातजण शपथ घ्यायला आले. गोस्से तर रडत होता.

‘आज माझ्याकडे येणारा प्रत्येक बाप म्हणतो, पोरगा मेला,’ अधिकारी म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता. ‘आणि प्रत्येकाकडे सात साक्षीदार असतात. मी फुली कुणाची बघू? ही तुझीच ना? बावीस तूच सांगितलंस ना?’

‘खोटं सांगितलं साहेब. मला तुरुंगात टाका.’

‘टाकीन. मग तूही जाशील आणि पोरगाही जाईल. कशाला? घरी जा.’

चिठ्ठीने गेलेल्यांना पैसे भरून बदली माणूस तरी देता येत होता. फरार म्हणून धरलेल्याला तीही सोय नव्हती. मार्चमध्ये, बर्फ फुटायच्या आधीच, धाकटा वीबे गेला.

एकच पत्र आलं, जर्मनीतल्या कुठल्याशा गावाहून, कुणाच्या तरी हातून लिहिलेलं. पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं. मी बरा आहे. पाव चांगला मिळतो. आईला सांगा पायमोजे टिकलेत. इथे मी बावीस वर्षांचा आहे. हजेरीला थोरल्याचं साल वाचतात आणि मी ओ देतो. बाबांना म्हणावं, मी रागावलो नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि हेसेल ओक्साबोक्शी रडला. पोरगा रागावला असता तर बरं झालं असतं, असं तो येल्ट्येला म्हणाला. येल्ट्येने एका शब्दाने कधी टोचलं नाही त्याला. तेही त्याला सहन व्हायचं नाही.

पुढे काही नाही. बादशहा रशियात गेला आणि हात हलवत परत आला. तेराच्या शेवटी फ्रेंच आमच्याकडून निघून गेले. चौदा साली एक एक पोरगा परतायला लागला, कुणी लंगडत, कुणी बोटं गमावून. येल्ट्ये प्रत्येकाच्या दारात गेली. एकाने सांगितलं, एका नदीच्या अलीकडे बघितला होता, पायाला चिंध्या बांधलेल्या. मी विचारलं, कुणाचा रे तू? तर म्हणाला, आल्डेवीरच्या हेसेलचा. मग बर्फ सुरू झाला आणि मला तो दिसला नाही, मावशी. एवढंच.

येल्ट्ये काय ते समजली. हेसेल समजला नाही. तो स्केटच्या पात्यांना चरबी चोळत राहिला, दर शनिवारी.

पंधरा साली, नोव्हेंबरात, रिक्स्टला मुलगा झाला. तिचा नवरा एल्के, होड्यांचा सुतार, सरळ माणूस. रीतीप्रमाणे पहिला मान त्याच्या बापाच्या नावाचा. पण तोच म्हणाला, ‘माझ्या बापाला घाई नाही, तो जिवंत आहे. आधी तुमचं नाव परत उभं करू या.’

‘कुठलं नाव उभं करायचं?’ हेसेल कडाडला. ‘ज्याचं आहे तो येऊ दे आधी!’

नाव परत लावायचं म्हणजे पहिला गेला, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. हेसेलने हो म्हणायचं म्हणजे आपल्या तोंडाने धाकट्याला पुरायचं. तीन दिवसांत कचेरीत जन्म लिहायला लागतो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लेकरू बिननावाचं पडून राहिलं, रिक्स्ट त्याला नुसतं ‘सोन्या’ म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी येल्ट्ये नवऱ्याशेजारी येऊन बसली. ‘अहो, मी काय म्हणते. त्याला जमीन नाही मिळाली आपली. देवळामागे थोरल्याशेजारी मी जागा ठेवली होती, तीही नाही. कुठे तरी तर असू दे त्याला. ह्या लेकरात असू दे.’

‘मीच हाक मारली गं त्याला.’

‘हो,’ येल्ट्ये म्हणाली. ‘आणि तो आला. तो येणाराच होता.’

हेसेल उठला, टोपी घेतली आणि साक्षीदार म्हणून जावयाबरोबर कचेरीत गेला. कारकून तोच.

‘मुलाचं नाव?’

एल्के सासऱ्याकडे बघत राहिला. कारकुनाने लेखणी शाईत बुडवली, परत बुडवली.

‘वीबे,’ हेसेल म्हणाला. चार वर्षांत ते नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मग तो मेजावर वाकला. ‘साल काय लिहिलंत?’

‘अठराशे पंधरा. दुसरं काय लिहिणार?’

‘वाचून दाखवा.’

कारकुनाने वाचलं.

‘परत वाचा. आधीच्या कुणाचं नाही ना? ह्याचं स्वतःचंच आहे ना?’

कारकुनाला काय आठवलं देव जाणे. त्याने बोट ठेवून, सावकाश, एक एक आकडा परत वाचला. हेसेलने फुली मारली. परत येताना तो देवळामागे वळला, कुंपणाशी गवतात उभा राहिला आणि थोरल्याला म्हणाला, ‘तुझं साल तुझ्याकडेच राहू दे रे. मी न्यायला नको होतं.’ एल्के फाटकाशी थांबला होता, त्याने ऐकलं, म्हणून मला ठाऊक.

नातू वाढला. सहाव्या वर्षी बर्फावर असा सुटायचा की गाव म्हणायचं, मामावर गेलाय. जेवणवेळी येल्ट्ये खिडकीतून बघायची आणि म्हणायची, ‘पेज निवली. हाक मारा की त्याला.’ हेसेल हाक मारायचा नाही. कधीच नाही. गुडघे गेलेले, दम लागायचा, तरी लाकडी जोड्यांनी बर्फावर घसरत, सावरत, तळ्याच्या मधोमध चालत जायचा. आम्ही पोरं तेव्हा हसायचो. म्हातारा एवढा वाकून चालतोय, पण एक हाक मारायचा आळस, असं म्हणायचो. मूर्ख होतो.

एकदा तर तो पडला. पोरगा स्केटवरून भरधाव आला, आजोबाला काखेत हात घालून उठवलं, त्याच्या कोटावरचा बर्फ झटकला.

‘आजोबा, कशाला आलात एवढ्या लांब? हाक मारायची ना. मी लगेच आलो असतो.’

‘ठाऊक आहे रे,’ हेसेल म्हणाला. ‘तू आला असतास.’ आणि पोराचा हात घट्ट धरून तो त्याला घरी घेऊन आला.